क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी: पहिलं ब्राउझर एक्स्टेन्शन सगळीकडे चालेल असं कसं बांधायचं आणि तपासायचं

थोडं एचटीएमएल, थोडं सीएसएस आणि बऱ्यापैकी जावास्क्रिप्ट येत असेल, तर एखाद्या संध्याकाळी चालतं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) उभं करता येतं. दमछाक होते ती पुढे. क्रोममध्ये नीट चालणारी गोष्ट फायरफॉक्समध्ये लोडच होत नाही, एजच्या दुकानात (एक्स्टेन्शन मिळतात त्या अधिकृत साइटवर) झिप नाकारली जाते, आणि सफारीत तपासायला मॅक लागतो हे फार उशिरा कळतं. माहिती सगळी उपलब्ध आहे, पण प्रत्येक ब्राउझरची वेगळ्या ठिकाणी. नवख्याला कोणत्या क्रमाने जावं हेच समजत नाही. तो क्रम इथे देतो आहे.

एक आग्रह आधीच सांगतो: पहिल्या दिवसापासून क्रोम आणि फायरफॉक्स हे दोन्ही ब्राउझर शेजारी शेजारी उघडे ठेवा. ‘आधी क्रोमवर पूर्ण करू, मग बाकीचं बघू’ असं म्हणाल, तर बॅकग्राउंडचा, म्हणजे पानाआड चालणारा, अर्धा कोड पुन्हा लिहावा लागेल. एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्डी हे सगळे क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच खुल्या गाभ्यावर, उभे आहेत. एजही जानेवारी २०२० पासून त्याच पायावर आहे. त्यामुळे क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांत चाललं, की बाकीचा बराचसा प्रश्न सुटलेला असतो.

उदाहरण म्हणून आपण एकच एक्स्टेन्शन धरून चालू: वेब पानावरचा मराठी मजकूर ओळखायचा, त्याला मराठी भाषेची खूण लावायची, ओळींमधलं अंतर वाढवायचं आणि चांगला फॉन्ट द्यायचा. अनेक साइटवर ओळींचं अंतर रोमन अक्षरांच्या मापाने ठेवलेलं असतं. मग वरची वेलांटी आणि रफार कापले जातात, खालचे उकार पुढच्या ओळीला टेकतात. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात ते वेगळंच. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची रूपं आहेत, त्यातही ती बहुधा पानाची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असेल तरच उमटतात. काम छोटं आहे, पण ब्राउझरांमधले जवळजवळ सगळे फरक त्यात भेटतात.

(फाइलींची, आज्ञांची आणि कळ-शब्दांची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना त्यांचं नेहमीचं रोमन स्पेलिंग वापरा.)

लागणारं सामान

- क्रोम आणि फायरफॉक्सच्या ताज्या आवृत्त्या. फायरफॉक्स डेव्हलपर एडिशनही घ्या, कारण साध्या फायरफॉक्समध्ये सही (मोझिलाची डिजिटल मोहोर) नसलेलं एक्स्टेन्शन कायमचं बसवता येत नाही.
- नोड जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) आणि त्यावर चालणारं, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं ‘वेब-एक्स्ट’ हे साधन.
- गिट आणि एक साधा एडिटर.
- सफारीत तपासायचं असेल तर मॅक आणि एक्सकोड हे ॲपलचं ॲप बांधायचं साधन.
- अँड्रॉइडवर तपासायचं असेल तर फोन आणि डेटा चालणारी यूएसबी केबल. नुसती चार्जिंगची केबल चालत नाही.
- दुकानांत टाकण्यासाठी: क्रोम वेब स्टोअरची एकदाच भरायची ५ डॉलर फी आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू असलेलं गूगल खातं. फायरफॉक्स आणि एजला नोंदणी फी नाही. ॲपलची डेव्हलपर वर्गणी वर्षाला ९९ डॉलर.

पहिल्या एक्स्टेन्शनला कोणतंही फ्रेमवर्क किंवा बंडलर (अनेक फाइली एकत्र बांधणारं साधन) लावू नका. ब्राउझर नक्की काय करतो आहे ते त्याच्या आड दिसत नाही, आणि चूक तुमची की साधनाची हे शोधण्यात वेळ जातो.

१. मॅनिफेस्ट लिहा, तेही तिसऱ्या आवृत्तीचं

प्रत्येक एक्स्टेन्शनच्या मुळाशी ‘मॅनिफेस्ट डॉट जेसन’ ही फाइल असते. नाव, आवृत्ती, परवानग्या, कोणती स्क्रिप्ट कुठे चालणार, हे सगळं तिच्यात येतं.

जुने व्हिडिओ आणि जुने लेख बहुतेक मॅनिफेस्टच्या दुसऱ्या आवृत्तीचे आहेत. क्रोममध्ये तिसरी आवृत्ती जानेवारी २०२१ मध्ये, क्रोम ८८ बरोबर आली. जानेवारी २०२२ पासून दुकानाने दुसऱ्या आवृत्तीची नवी एक्स्टेन्शन घेणं थांबवलं, आणि आता क्रोममध्ये ती चालतही नाहीत. फायरफॉक्समध्ये तिसरी आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये, १०९ पासून आली. तिथे दुसरीही अजून चालते, म्हणून जुना लेख वाचून लिहिलेला कोड फायरफॉक्समध्ये चालतो आणि क्रोममध्ये नाही, असा गोंधळ होतो. सरळ तिसरीच घ्या.

या कामातले सापळे असे:

आवृत्ती क्रमांकात फक्त आकडे आणि टिंबं चालतात. ‘१.०-बीटा’ लिहिलंत तर क्रोम लोडच करणार नाही. आणि आकडे इंग्रजीच (0 ते 9) हवेत.

फायरफॉक्ससाठी ‘ब्राउझर_स्पेसिफिक_सेटिंग्ज’ या कळ-शब्दाखाली ‘गेको’ आणि त्यात स्वतःचा आयडी द्या. तो ई-मेलसारखा दिसणारा चालतो, खरा पत्ता असायची गरज नाही. तिसऱ्या आवृत्तीचं एक्स्टेन्शन या आयडीशिवाय सही करून मिळत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या एक्स्टेन्शनना तिथेच, आपण वापरणाऱ्याची कोणती माहिती गोळा करतो हेही जाहीर करावं लागतं. काहीच गोळा करत नसाल तरी तसं लिहावं लागतं.

मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही नावं द्यायची असतील तर ‘_लोकेल्स’ फोल्डरमध्ये भाषेच्या कोडचं एकेक उपफोल्डर करा. मराठीचा कोड ‘एमआर’. त्याबरोबर मॅनिफेस्टमध्ये ‘डिफॉल्ट_लोकेल’ द्यायला विसरू नका, नाहीतर लोड करतानाच चूक येते. क्रोममध्ये वर्णनाला १३२ अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात, त्यामुळे डोळ्यांना छोटं वाटणारं वाक्य मर्यादेबाहेर जातं.

२. दोन्हीकडे लोड करा

क्रोममध्ये ॲड्रेस बारवर ‘क्रोम://एक्स्टेन्शन्स’ उघडा, उजवीकडे वर डेव्हलपर मोड सुरू करा, ‘लोड अनपॅक्ड’ दाबून फोल्डर निवडा. एजमध्ये हेच ‘एज://एक्स्टेन्शन्स’ वर.

फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:डीबगिंग’ उघडा, ‘धिस फायरफॉक्स’ मध्ये जा आणि ‘लोड टेम्पररी ॲड-ऑन’ मधून मॅनिफेस्टची फाइल निवडा. हे नावाप्रमाणेच तात्पुरतं आहे. ब्राउझर बंद केला की गेलं. त्यात वेळ जाऊ नये म्हणून फोल्डरमध्ये ‘वेब-एक्स्ट रन’ ही आज्ञा द्या. ती कोऱ्या प्रोफाइलसह फायरफॉक्स उघडते, एक्स्टेन्शन लोड करते आणि फाइल सेव्ह केली की आपोआप रिलोड करते. कोरं प्रोफाइल हा मोठा फायदा, कारण तुमच्या रोजच्या ब्राउझरमधली जुनी सेटिंग्ज तपासणीत लुडबुड करत नाहीत. ‘वेब-एक्स्ट लिंट’ ही आज्ञाही रोज एकदा चालवा. दुकानात गेल्यावर जे आक्षेप येतील त्यातले बरेच ती आधीच दाखवते.

आता एक फरक, ज्याच्यामुळे अनेकांना आपलं एक्स्टेन्शन क्रोममध्ये मोडलं आहे असं वाटतं. एक्स्टेन्शन लोड करताच फायरफॉक्स आधीपासून उघड्या असलेल्या टॅबमध्येही तुमची कन्टेन्ट स्क्रिप्ट, म्हणजे वेब पानात चालणारी स्क्रिप्ट, घालतो. क्रोम घालत नाही. तिथे पान रिलोड करावं लागतं. आणि क्रोममध्ये एक्स्टेन्शन रिलोड केल्यावर जुन्या टॅबमधली जुनी स्क्रिप्ट पोरकी होते, ‘एक्स्टेन्शन कॉन्टेक्स्ट इनव्हॅलिडेटेड’ अशी तक्रार करत राहते. तो तुमच्या कोडचा दोष नसतो. टॅब रिलोड करा.

३. चूक कुठे दिसते ते आधी शिका

एका एक्स्टेन्शनला तीन कन्सोल असतात. कन्टेन्ट स्क्रिप्टच्या चुका त्या पानाच्या कन्सोलमध्ये दिसतात. बॅकग्राउंडच्या चुका क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या चौकटीतल्या ‘सर्व्हिस वर्कर’ या दुव्यावर आणि फायरफॉक्समध्ये ‘इन्स्पेक्ट’ या बटणावर. पॉपअपच्या (टूलबारवरचं बटण दाबल्यावर उघडणाऱ्या छोट्या चौकटीच्या) चुका पॉपअपच्या स्वतःच्या कन्सोलमध्ये. नवखा माणूस पानाचा कन्सोल रिकामा बघून ‘चूकच येत नाहीये’ म्हणतो, आणि चूक दुसऱ्याच खिडकीत बसलेली असते.

पॉपअप तपासताना तो फोकस जाताच बंद होतो. क्रोममध्ये बटणावर राइट-क्लिक करून ‘इन्स्पेक्ट पॉपअप’ घ्या. फायरफॉक्समध्ये इन्स्पेक्टची खिडकी उघडून तिच्या तीन टिंबांच्या मेनूत पॉपअप आपोआप न मिटण्याचा पर्याय आहे, तो लावा.

४. कन्टेन्ट स्क्रिप्ट: पानाला हात लावणारा भाग

आपल्या उदाहरणात या स्क्रिप्टची कामं तीन: मजकुराचे तुकडे शोधणं, त्यातला मराठी ओळखणं, त्याच्या मूळ घटकाला भाषेची खूण आणि आपला क्लास लावणं.

देवनागरी ओळखायला जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये युनिकोड लिपीनुसार शोधायची सोय आहे आणि ती सगळ्या आजच्या ब्राउझरांत चालते. पण देवनागरी म्हणजे मराठी असं नाही. हिंदी आणि नेपाळी मजकुरालाही मराठी वळणाचा ‘श’ लावून बसाल. साधा उपाय म्हणजे ‘आहे’, ‘आणि’, ‘नाही’, ‘होते’ असे रोजचे शब्द मोजणं आणि समोर ‘है’, ‘और’, ‘नहीं’ मोजणं.

इथे असा सापळा आहे की तो इंग्रजी लेखांत सहसा कुणी सांगत नाही. शब्दाची सीमा ओळखणारी खूण, उलट तिरकी रेघ आणि ‘बी’, देवनागरीत काम करत नाही. तिच्या लेखी शब्द म्हणजे रोमन अक्षरं, 0 ते 9 हे इंग्रजी आकडे आणि अधोरेषा. ‘तो आहे का’ या वाक्यात तिला एकही शब्द दिसत नाही, त्यामुळे ‘आहे’ कधीच सापडत नाही आणि चूकही येत नाही. ‘इंटल डॉट सेगमेंटर’ वापरा, किंवा सरळ मोकळ्या जागा आणि विरामचिन्हांवर तुकडे करा. सेगमेंटर फायरफॉक्समध्ये १२५ पासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांवर चालवायचं असेल तर तुकडे करण्याचाच मार्ग धरा. मी तोच पसंत करतो. या कामाला तो पुरतो आणि सगळीकडे सारखा वागतो.

दुसरा सापळा फॉन्टचा. मॅनिफेस्टमधून दिलेल्या सीएसएस फाइलमध्ये फॉन्टचा सापेक्ष पत्ता लिहिलात, तर फायरफॉक्स तो तुमच्या सीएसएस फाइलच्या जागेवरून शोधतो आणि क्रोम तो त्या वेब पानाच्या पत्त्यावरून शोधतो. परिणाम असा, की फायरफॉक्समध्ये फॉन्ट उमटतो आणि क्रोममध्ये साइटच्या सर्व्हरवर नसलेली फाइल मागितली जाते. पूर्ण पत्ता हाताने लिहिणंही उपयोगाचं नाही, कारण फायरफॉक्स प्रत्येक बसवणुकीला वेगळा अंतर्गत क्रमांक देतो. स्क्रिप्टमधून ‘रनटाइम डॉट गेट-यूआरएल’ ला पत्ता विचारा, त्यातून फॉन्टचा नियम तयार करून पानात घाला, आणि फॉन्टची फाइल मॅनिफेस्टमध्ये ‘वेब_ॲक्सेसिबल_रिसोर्सेस’ खाली नोंदवा. ही नोंद राहिली तर फॉन्ट गपचूप गायब असतो.

फॉन्ट सोबत द्यायचाच का, असं वाटू शकतं. द्या. विंडोजवर देवनागरीसाठी निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर बहुतेक नोटो असे वेगवेगळे फॉन्ट येतात आणि प्रत्येकाची उंची वेगळी. एका यंत्रावर नेमकं बसवलेलं ओळींचं अंतर दुसरीकडे चुकतं. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ किंवा गूगलचा नोटो यांसारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट सोबत देता येतात. परवान्याची फाइल मात्र फोल्डरमध्ये ठेवा.

तिसरी गोष्ट: आजची पानं स्क्रोल करताना वाढत जातात, म्हणून ‘म्युटेशन ऑब्झर्व्हर’ लावावा लागतो. त्याला फक्त नव्या घटकांवर नजर ठेवायला सांगा. ॲट्रिब्यूटवरही नजर ठेवलीत, तर तुम्ही लावलेली खूण हाच बदल धरून तो पुन्हा तुम्हालाच बोलावेल आणि टॅब गोठेल. लिहिण्याच्या चौकटींना हात लावू नका. ऑनलाइन एडिटरमध्ये कुणाचा अर्धा लिहिलेला मजकूर बिघडला, तर ते एक्स्टेन्शन त्या माणसाने पुन्हा कधी बसवू नये हेच योग्य.

५. बॅकग्राउंड: इथेच दोघांचे रस्ते वेगळे होतात

बटण दाबल्यावर या साइटवर सुरू, त्या साइटवर बंद, अशी नोंद ठेवणारा भाग बॅकग्राउंडमध्ये राहतो. तिसऱ्या आवृत्तीत क्रोम त्याला सर्व्हिस वर्कर म्हणून चालवतो. फायरफॉक्स इव्हेंट पेज म्हणून, म्हणजे न दिसणाऱ्या पानात चालवतो.

मॅनिफेस्टमध्ये ‘बॅकग्राउंड’ खाली ‘सर्व्हिस_वर्कर’ आणि ‘स्क्रिप्ट्स’ दोन्ही लिहा आणि दोन्हीकडे तीच फाइल द्या. क्रोम १२१ पासून क्रोम ‘स्क्रिप्ट्स’ कडे दुर्लक्ष करतो आणि फायरफॉक्स १२१ पासून फायरफॉक्स ‘स्क्रिप्ट्स’ उचलतो. क्रोम एक पिवळी सूचना दाखवेल, ती राहू द्या. ‘मिनिमम_क्रोम_व्हर्जन’ मध्ये १२१ घालून ठेवा, कारण त्याआधीचा क्रोम असं मॅनिफेस्ट लोडच करत नाही.

आता वागणुकीतले फरक.

इव्हेंट पेज हे पान असल्यामुळे तिथे डॉम आहे, ‘डॉम-पार्सर’ आहे, ‘लोकल-स्टोरेज’ आहे. सर्व्हिस वर्करमध्ये यातलं काहीही नाही. म्हणून बॅकग्राउंडचा कोड नेहमी डॉम नाहीच असं धरून लिहा. क्रोममध्ये डॉम लागलाच तर क्रोम १०९ पासून ‘ऑफस्क्रीन’ नावाची सोय आहे, पण ती फक्त क्रोमियमची. एचटीएमएल वाचायचं काम कन्टेन्ट स्क्रिप्टकडे देता आलं तर द्या.

दोन्हीकडे बॅकग्राउंड सतत जागा नसतो. साधारण ३० सेकंद काही घडलं नाही की तो बंद केला जातो आणि पुढची घटना आली की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतो. तुम्ही ‘लेट’ लावून ठेवलेली यादी त्याबरोबर पुसली जाते. जे टिकायला हवं ते ‘स्टोरेज’ मध्ये ठेवा. ब्राउझर बंद होईपर्यंत टिकलं तरी पुरे असेल तर ‘स्टोरेज डॉट सेशन’ आहे. लांब मुदतीचा ‘सेट-टाइमआउट’ कामाचा नाही, ‘अलार्म्स’ वापरा. आणि घटना ऐकणारे सगळे लिसनर फाइलच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, ताबडतोब नोंदवा. आधी स्टोरेज वाचून मग लिसनर लावलात, तर जी घटना त्याला जागं करायला आली तीच निसटते.

या दोषाचं वैशिष्ट्य असं, की तो तपासताना दिसत नाही. सर्व्हिस वर्करची डेव्हटूल्स खिडकी उघडी असेल तोवर क्रोम त्याला बंद करत नाही. तुम्ही तपासता तेव्हा सगळं सुरळीत, वापरणाऱ्याकडे मात्र बटण पहिल्या दाबाला चालत नाही. म्हणून ही तपासणी मुद्दाम करा: डेव्हटूल्स बंद करा, ‘क्रोम://सर्व्हिसवर्कर-इंटर्नल्स’ वर जाऊन तुमचा वर्कर हाताने थांबवा, मग टूलबारवरचं बटण दाबा. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:डीबगिंग’ मध्येच बॅकग्राउंड स्क्रिप्ट थांबवायचं बटण आहे. प्रत्येक नव्या सुविधेनंतर हे दोन्हीकडे करा. या लेखातली एकच गोष्ट पाळणार असाल तर ही पाळा.

६. ‘क्रोम’ की ‘ब्राउझर’?

फायरफॉक्स आणि सफारीत एपीआय, म्हणजे ब्राउझरच्या सोयी वापरायच्या आज्ञा, ‘ब्राउझर’ या नावाखाली मिळतात. क्रोममध्ये ‘क्रोम’ या नावाखाली. पण ‘क्रोम’ हे नाव बाकीचेही ओळखतात. तिसऱ्या आवृत्तीत क्रोम आणि फायरफॉक्स दोघांतही ‘क्रोम’ खालच्या बहुतेक आज्ञा प्रॉमिस देतात. फाइलच्या सुरुवातीला एका ओळीत ‘ब्राउझर असेल तर तो, नाहीतर क्रोम’ असं चल ठरवून टाका आणि सगळीकडे तेच वापरा. हा फरक भरून काढणारं मोझिलाचं पॉलिफिलही आहे, पण नव्या छोट्या एक्स्टेन्शनला त्याची गरज पडत नाही.

कन्टेन्ट स्क्रिप्ट, पॉपअप आणि बॅकग्राउंड यांच्यातली निरोपांची देवाणघेवाण जपून करा. फायरफॉक्समध्ये निरोप ऐकणाऱ्या फंक्शनने प्रॉमिस परत केलं तरी उत्तर पोचतं. क्रोमच्या अनेक आवृत्त्यांत पोचत नाही. सगळीकडे चालणारी रीत एकच: लगेच ‘ट्रू’ परत करा आणि काम झालं की ‘सेंड-रिस्पॉन्स’ बोलवा. ते फंक्शन ‘एसिंक’ करू नका, कारण मग परत जातं ते ‘ट्रू’ नसतं, प्रॉमिस असतं.

७. परवानग्या कमीत कमी मागा

सगळ्या साइटची परवानगी मागितली, की बसवताना ‘सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे’ अशा अर्थाचा इशारा दिसतो. तो बघून माणसं मागे फिरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. फक्त बटण दाबल्यावरच काम करायचं असेल तर ‘ॲक्टिव्ह-टॅब’ पुरते आणि तो इशाराही येत नाही. आपल्या उदाहरणात मराठी पान आपोआप ओळखायचं आहे, म्हणून मोठी परवानगी लागते. पण पहिली आवृत्ती ‘ॲक्टिव्ह-टॅब’ वर काढून मोठी परवानगी ऐच्छिक ठेवावी असं माझं ठाम मत आहे.

फायरफॉक्समध्ये वापरणारा साइटची परवानगी कधीही काढून घेऊ शकतो, आणि सफारीत तर सुरुवातीला ती नसतेच. त्यामुळे परवानगी आहे असं गृहीत धरू नका. ‘परमिशन्स डॉट कन्टेन्स’ ने विचारा आणि नसेल तर पॉपअपमध्ये मागायचं बटण दाखवा.

पुढच्या आवृत्तीत नवी मोठी परवानगी वाढवलीत, तर क्रोम वापरणाऱ्याने होकार देईपर्यंत एक्स्टेन्शन बंद करून ठेवतो. फायरफॉक्स तोवर जुनीच आवृत्ती चालू ठेवतो.

८. साठवण

‘स्टोरेज डॉट लोकल’ मध्ये क्रोममध्ये १० एमबी जागा आहे. ‘स्टोरेज डॉट सिंक’ मध्ये एकूण सुमारे १०० केबी, एका नोंदीला ८ केबी आणि जास्तीत जास्त ५१२ नोंदी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, तेव्हा सिंकमध्ये मराठी मजकूर ठेवणार असाल तर हिशेब तिप्पट धरा. फायरफॉक्समध्ये तात्पुरतं लोड करून सिंक तपासायचं असेल तर मॅनिफेस्टमध्ये आयडी असलाच पाहिजे.

९. तपासणीची पद्धत

भाषा ओळखणारं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. त्यात एपीआयचा एकही उल्लेख नको. मग ते नोडच्या स्वतःच्या टेस्ट रनरवर कोणत्याही ब्राउझरशिवाय सेकंदात तपासता येतं. मराठी, हिंदी, नेपाळी, मिश्र मजकूर, नुसते आकडे, एकच शब्द, असे नमुने त्याला द्या.

ब्राउझरमधली स्वयंचलित तपासणी क्रोमियमसाठी प्लेराइट किंवा पपेटिअरने होते, फायरफॉक्ससाठी सेलेनियमने. सेलेनियममधून तात्पुरतं ॲड-ऑन बसवता येतं. जुने लेख क्रोमला ‘लोड-एक्स्टेन्शन’ हा पर्याय देऊन सुरू करायला सांगतात. क्रोम १३७ पासून गूगलच्या छाप असलेल्या क्रोममध्ये तो काढला आहे. क्रोमियम किंवा ‘क्रोम फॉर टेस्टिंग’ घ्या. टूलबारवरचा पॉपअप यंत्राकडून दाबून घेणं त्रासाचं असतं, म्हणून पॉपअपचं पान त्याच्या एक्स्टेन्शन-पत्त्यावर साध्या टॅबमध्ये उघडून तपासा.

यंत्र जे बघत नाही ते डोळ्यांनी बघा. माझी हाताने करायची यादी, प्रत्येक ब्राउझरमध्ये:

- मराठी विकिपीडियाचं एखादं लांब पान आणि एखाद्या मराठी वर्तमानपत्राचं मुखपृष्ठ. ‘र्ट्री’, ‘ऱ्या’, ‘ळू’, ‘कैं’ अशी अक्षरं वरून-खालून कापली जात नाहीत ना.
- स्क्रोल करत वाढणारं पान, पाच मिनिटं उघडं ठेवून. पंख्याचा आवाज वाढला तर ऑब्झर्व्हर तपासा.
- खाजगी खिडकी. तिथे एक्स्टेन्शनला वेगळी परवानगी द्यावी लागते. मॅनिफेस्टमध्ये ‘स्प्लिट’ (खाजगी खिडकीसाठी एक्स्टेन्शनची वेगळी प्रत) लिहिलं असेल तर फायरफॉक्स ते मानत नाही.
- ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू. सेटिंग टिकली का?
- ब्राउझरची स्वतःची पानं आणि दुकानांची पानं. तिथे कन्टेन्ट स्क्रिप्ट चालत नाही आणि चालणारही नाही. बटण दाबल्यावर पॉपअपने ते शब्दांत सांगायला हवं, नुसतं गप्प बसायला नको.
- गडद थीम. काळ्या टूलबारवर काळं चिन्ह दिसत नाही.

१०. अँड्रॉइड

अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत. फायरफॉक्सने मात्र डिसेंबर २०२३ मध्ये अँड्रॉइडवर सगळ्यांसाठी दार उघडलं. मराठी वाचणारा मोठा वर्ग फोनवरच वाचतो, तेव्हा आपल्या एक्स्टेन्शनसाठी ही आवृत्ती शोभेची नाही. फोनवर यूएसबी डीबगिंग आणि फायरफॉक्सच्या सेटिंग्जमधलं रिमोट डीबगिंग सुरू करा, केबल जोडा आणि ‘वेब-एक्स्ट रन’ ला लक्ष्य म्हणून ‘फायरफॉक्स-अँड्रॉइड’ द्या. पॉपअप तिथे जवळजवळ पूर्ण पडदा व्यापतो. रुंदी पिक्सेलमध्ये ठोकून ठेवली असेल तर विचित्र दिसतो. राइट-क्लिकच्या मेनूवर अवलंबून राहू नका, कारण तो तिथे नाही.

११. सफारी

सफारी शेवटी घ्या. एक्स्टेन्शनची ही सामाईक पद्धत सफारी १४ मध्ये, २०२० साली आली आणि आयफोनवर २०२१ मध्ये, आयओएस १५ बरोबर. सफारीत एक्स्टेन्शन एका ॲपच्या पोटात राहतं. एक्सकोडबरोबर येणारं रूपांतराचं साधन टर्मिनलमधून तुमच्या फोल्डरवर चालवलं, की ते ॲपचा प्रकल्प तयार करून देतं आणि कोणते कळ-शब्द सफारीला कळत नाहीत तेही सांगतं. ती यादी लक्षपूर्वक वाचा.

तपासताना सफारीच्या डेव्हलपर सेटिंग्जमध्ये सही नसलेली एक्स्टेन्शन चालू देण्याचा पर्याय लावावा लागतो. सफारी बंद केली की तो पुन्हा निघून जातो, त्यामुळे ‘काल चालत होतं, आज दिसत नाही’ झालं तर आधी तिथे बघा. मग साइटची परवानगी: एका दिवसासाठी की कायम, हे वापरणारा ठरवतो. परवानगी देईपर्यंत तुमचं एक्स्टेन्शन मेल्यासारखं पडून राहील, म्हणून पहिल्या वापराच्या सूचना स्पष्ट लिहा.

१२. झिप करा आणि पाठवा

मॅनिफेस्ट झिपच्या मुळाशी हवं. बाहेरचा फोल्डर झिप केलात तर मॅनिफेस्ट एक पायरी आत जातं आणि दुकान ते नाकारतं. हाताने झिप करण्यापेक्षा ‘वेब-एक्स्ट बिल्ड’ वापरा.

बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवणं तिसऱ्या आवृत्तीत बंद आहे. लायब्ररी लागत असेल तर तिची फाइल सोबत द्या. फायरफॉक्सला कोड आकुंचित किंवा बंडल करून देत असाल तर मूळ कोड आणि तो बांधायच्या पायऱ्याही द्याव्या लागतात. क्रोम प्रत्येक परवानगी कशासाठी हे विचारतो. तिथे ‘मराठी मजकूर ओळखण्यासाठी पानावरचा मजकूर वाचावा लागतो, तो कुठेही पाठवला जात नाही’ असं नेमकं लिहा. मोघम उत्तराने रिव्ह्यू लांबतो. चित्रं १२८० बाय ८०० किंवा ६४० बाय ४०० या मापाची लागतात. एजला तीच झिप चालते, फक्त मॅनिफेस्टमध्ये ‘अपडेट_यूआरएल’ शिल्लक नको.

सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी ओळखीच्या काही जणांना द्या. क्रोमच्या दुकानात निवडक परीक्षकांपुरतं किंवा दुवा असलेल्यांपुरतं प्रसिद्ध करता येतं. मोझिलाकडून दुकानात न दाखवता नुसती सही करून घेतलेली फाइल पाठवता येते. परीक्षकांमध्ये एक जण तरी जुन्या विंडोज लॅपटॉपवाला आणि एक जण फोनवरच वाचणारा असू द्या, आणि त्यांच्याकडून ब्राउझरची आवृत्ती, पानाचा पत्ता आणि स्क्रीनशॉट या तीन गोष्टी नेहमी मागून घ्या.

प्रत्येक नव्या झिपला आवृत्ती क्रमांक वाढवा, तोच क्रमांक गिटमध्ये टॅग करा, आणि चारही ठिकाणी एकच क्रमांक ठेवा. चारही रिव्ह्यू एकाच दिवशी संपत नाहीत. तक्रार आली की समोरच्याकडे नेमका कोणता कोड आहे, हे त्या क्रमांकावरूनच कळतं.